पतंगांच्या पंखांचा चित्रपट
(स्टॅन ब्रॅकेज : १९३३ ते २००३)

शाळेच्या दिवसांत जे छंद आपल्याला लागले, त्यांत पाने-फुले जपून ठेवण्याचा छंद बहुतेकांना आठवत असेल. पिंपळाचे पान पाण्यात भिजत घालायचे, गर कुजून सुटला की उरलेली जाळी हलक्या हाताने धुऊन वहीत दडपायची आणि काही दिवसांनी ती खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहायची, हा उद्योग आपल्या शाळेतील किती पिढ्यांनी केला असेल याची गणती नाही. त्या जाळीतून झिरपणारा उजेड आपण कौतुकाने पाहिला. परंतु तीच जाळी प्रोजेक्टरच्या दिव्यासमोरून नेली तर तिचा चित्रपट होऊ शकतो, ही कल्पना मात्र आपल्यापैकी फारशा कुणाला सुचली नसावी.

ती कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली, त्या स्टॅन ब्रॅकेज या अमेरिकन चित्रपटकाराचे हे चरित्र आहे. प्रायोगिक चित्रपटांच्या जगात त्यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी साडेतीनशेहून अधिक चित्रपट केले. त्यांतील एकाची लांबी अवघी नऊ सेकंद आहे, तर एक चार तासांहून मोठा आहे. नट-नटी, कथानक, संवाद, गाणी यांपैकी बहुतेक चित्रपटांत काहीही नाही; पुष्कळांना तर ध्वनीही नाही. पैसा त्यांच्यापाशी बहुतेक काळ नव्हता आणि लोकप्रियता त्यांना कधीच लाभली नाही. परप्रांतात, मोजक्या साधनांवर, मराठी माध्यमाची शाळा चालवणे म्हणजे काय असते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना या माणसाच्या आयुष्यातील काही भाग ओळखीचा वाटेल, म्हणून तो येथे सांगण्याचे योजले आहे.

अनाथाश्रमातून डेन्व्हरपर्यंत

ब्रॅकेज यांचा जन्म १४ जानेवारी १९३३ रोजी, म्हणजे आपण ज्या तारखेस संक्रांत साजरी करतो त्या तारखेस, मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथील एका अनाथाश्रमात झाला. जन्माच्या वेळी त्यांचे नाव रॉबर्ट सँडर्स होते. अवघ्या तीन आठवड्यांचे असताना लुडविग आणि क्लॅरा ब्रॅकेज या दांपत्याने त्यांना दत्तक घेतले व जेम्स स्टॅन्ली असे नवे नाव ठेवले. पुढे या आईवडिलांचाही संसार मोडला. मुलाचे वाढते वय कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात गेले.

मुलगा अंगाने स्थूल होता, त्याला दम्याचा विकार होता आणि डोळे अधू असल्यामुळे चष्मा लागलेला होता. गळा मात्र गोड होता. लहानपणी तो गायक म्हणून पुढे आला आणि आकाशवाणीवरही गायला. शालेय शिक्षण डेन्व्हरच्या साउथ हायस्कूलमध्ये झाले. तेथे त्याला कलांची आवड असलेले चांगले सोबती मिळाले. पुढे संगीतकार म्हणून नावारूपास आलेले जेम्स टेनी हे त्यांपैकीच एक होत. शाळेतील ही मैत्री ब्रॅकेज यांना आयुष्यभर पुरली, हे शाळेच्या स्मरणिकेत आवर्जून नोंदवण्यासारखे आहे.

पुढे डार्टमथ महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. पण तेथे त्यांचे मन रमले नाही, प्रकृती आणि मन दोन्ही ढासळले आणि काही महिन्यांतच त्यांनी महाविद्यालय सोडले. डेन्व्हरला परतल्यावर एकोणिसाव्या वर्षी, १९५२ मध्ये, त्यांनी ‘इंटरिम’ हा पहिला चित्रपट केला. त्याचे संगीत शाळेतील मित्र टेनी यांनीच दिले होते. महाविद्यालय सोडून आलेल्या मुलाने पोटापाण्याची कोणतीही सोय नसलेला मार्ग धरावा, हे त्या काळच्या अमेरिकेतही कौतुकाचे मानले जात नव्हते.

याच तरुण वयात त्यांनी चष्मा बाजूला ठेवला. स्पष्ट दिसते तेवढेच खरे पाहणे, हे त्यांना मान्य नव्हते. अंधूक दिसणे, डोळ्यांच्या कडेने ओझरते दिसणे, डोळे मिटल्यावर पापण्यांच्या आत तरळणारे रंगीत ठिपके, तापात भिंतीवर हललेल्या आकृती, हे सारे त्यांच्या मते पाहण्याचेच प्रकार होते. मूल बोलायला शिकते, वस्तूंना नावे देते आणि त्यानंतर त्या वस्तूंकडे नीट पाहणे हळूहळू सोडून देते, अशी त्यांची धारणा होती. नावे कळण्यापूर्वीची ती नजर मोठेपणी पुन्हा मिळवता येईल का, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. १९६३ मध्ये ‘मेटॅफर्स ऑन व्हिजन’ या ग्रंथात त्यांनी ही भूमिका सविस्तर मांडली. प्रायोगिक चित्रपटांच्या अभ्यासात तो ग्रंथ आजही वाचला जातो.

न्यूयॉर्कची वर्षे

सॅन फ्रान्सिस्को येथे काही काळ काढल्यावर १९५४ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला आले. या दोन्ही शहरांत त्यांची ऊठबस कवी, चित्रकार आणि संगीतकार यांच्यात होती. सॅन फ्रान्सिस्कोत कवी रॉबर्ट डंकन यांनी त्यांना आसरा दिला, तर न्यूयॉर्कमध्ये माया डेरेन या ज्येष्ठ प्रायोगिक चित्रपटकर्तीने. चित्रकर्त्या मारी मेन्केन हातात कॅमेरा घेऊन बागेतील फुलापानांवरून तो सहज फिरवीत. कॅमेरा तिपाईवर खिळवून ठेवण्याची गरज नाही, तो हाताबरोबर आणि श्वासाबरोबर हलू शकतो, हे ब्रॅकेज त्यांच्याकडून शिकले.

१९५५ मध्ये कलावंत जोसेफ कॉर्नेल यांनी त्यांना एक काम दिले. न्यूयॉर्कच्या थर्ड ॲव्हेन्यूवरून जाणारी उन्नत रेल्वे लवकरच बंद होणार होती आणि तिची आठवण राहावी अशी कॉर्नेल यांची इच्छा होती. ब्रॅकेज यांनी त्या गाडीत बसून खिडक्यांच्या काचांतून वाकडीतिकडी होणारी शहराची रूपे टिपली आणि ‘द वंडर रिंग’ हा लघुपट सिद्ध केला. गाडीतील माणसांची कोणतीही गोष्ट त्यात सांगितलेली नाही. काच, ऊन आणि गाडीचा वेग एवढ्यावरच तो उभा आहे. पुढच्या सर्व कामाची दिशा येथे स्पष्ट झालेली दिसते.

१९५७ च्या अखेरीस त्यांचा विवाह जेन कॉलम यांच्याशी झाला. पुढच्या वर्षी पहिली कन्या जन्माला आली. त्या प्रसूतीचे चित्रण त्यांनी स्वतः केले आणि १९५९ मध्ये त्याचा ‘विंडो वॉटर बेबी मूव्हिंग’ हा बारा-तेरा मिनिटांचा चित्रपट पूर्ण केला. ज्या काळात बापाला प्रसूतिगृहात पाऊलही ठेवू देत नसत, त्या काळात जन्माचा सोहळा इतक्या निःसंकोचपणे आणि प्रेमाने पडद्यावर आणणे ही धाडसाचीच गोष्ट होती.

दिव्याखालचे पतंग

१९६० नंतरची वर्षे कोलोरॅडोच्या डोंगराळ मुलखात ओढगस्तीत गेली. घरात लहान मुले, मिळकत अनिश्चित आणि मनात ‘डॉग स्टार मॅन’ या मोठ्या चित्रपटमालेचे काम. कच्ची फिल्म विकत घ्यावी, ती धुऊन घ्यावी, तिची प्रत काढावी, या प्रत्येक पायरीला पैसे लागत. अशाच एका तंगीच्या काळात त्यांचे लक्ष दिव्यांच्या काचेत साठलेल्या मेलेल्या पतंगांकडे गेले.

दिव्यावर झेप घेऊन जळणारा पतंग आपल्या काव्यात शतकानुशतके येत आला आहे. ब्रॅकेज यांना त्या पतंगांत स्वतःची अवस्था दिसली. ज्या प्रकाशाच्या ओढीने आपण हा मार्ग धरला तोच आपल्याला आणि आपल्या घराला जाळीत आहे, असे त्यांना त्या दिवसांत वाटत होते. त्यांनी ते पतंग गोळा केले. पंख हलक्या हाताने वेगळे केले. त्यांच्यासोबत फुलांच्या पाकळ्या, गवताची पाती, बिया आणि लहान पाने घेतली. फिल्म जोडण्यासाठी वापरतात ती पारदर्शक चिकटपट्टी त्यांच्याकडे होती. तिची रुंदी सोळा मिलिमीटर आणि कडेला फिल्मसारखीच छिद्रे. या चिकटपट्टीच्या एका लांब पट्टीवर त्यांनी हे सारे एकामागून एक मांडले आणि वरून तशीच दुसरी पट्टी दाबून बसवली. कॅमेरा नाही, भिंग नाही, कच्ची फिल्मही नाही. त्या जाड पट्टीवरून प्रयोगशाळेत प्रत काढून घेतली आणि १९६३ मध्ये ‘मॉथलाइट’, म्हणजे पतंगांचा प्रकाश, हा तीन-चार मिनिटांचा मूक चित्रपट तयार झाला.

यातील गंमत समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. सोळा मिलिमीटर फिल्मची एक चौकट साधारण दहा मिलिमीटर रुंद आणि साडेसात मिलिमीटर उंच असते. प्रोजेक्टरमधून सेकंदाला अशा चोवीस चौकटी जातात, म्हणजे दर सेकंदाला सुमारे अठरा सेंटिमीटर फिल्म दिव्यासमोरून सरकते. नेहमीच्या चित्रपटात लागोपाठच्या दोन चौकटींतील चित्रे जवळजवळ सारखी असतात. त्यांतील सूक्ष्म फरकामुळे डोळ्याला हालचालीचा भास होतो. येथे मात्र तसे नाही. दोन सेंटिमीटर लांबीचा पंख पट्टीवर उभा ठेवला तर तो जेमतेम तीन चौकटी व्यापतो. पहिल्या चौकटीत त्याचे टोक, दुसरीत मधला भाग, तिसरीत बुंधा, आणि सेकंदाच्या आठव्या हिश्शात तो पंख पडद्यावरून निघून जातो. त्यामागून गवताचे पाते येते. ते लांब असल्यामुळे क्षणभर टिकते आणि त्याच्या शिरा पाण्याच्या धारेसारख्या वाहताना दिसतात. पुन्हा पंख, पुन्हा पाकळी. नखाएवढी चौकट पडद्यावर तीन मीटर रुंद होते तेव्हा पंखावरची धुळीसारखी खवले, पाकळीतील रंगद्रव्याचे डाग आणि पानाच्या बारीक शिरा शेकडो पटींनी मोठ्या होऊन दिसतात.

मेलेला पतंग पुन्हा उडतो, असे मात्र कोणी म्हणू नये. पडद्यावर जे फडफडते ते पंख आणि प्रकाश यांच्या भेटीतून निर्माण झालेले काहीतरी नवे आहे. दिव्याने ज्यांचा जीव घेतला, त्यांच्यातूनच दुसऱ्या दिव्याचा उजेड आरपार गेला आणि त्यांचे रंग जगाने पाहिले. ब्रॅकेज यांनी पतंग मारले नाहीत, मेलेले वेचले, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

परंपरा आणि आपला धागा

कॅमेऱ्याविना चित्र उमटवण्याचा मार्ग ब्रॅकेज यांच्या आधीही लोकांनी चोखाळला होता. इंग्लंडमधील वनस्पतिअभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवाले रासायनिक कागदावर ठेवून, ऊन देऊन, त्यांच्या निळ्या-पांढऱ्या छायाकृतींचा संग्रह प्रसिद्ध केला. पॅरिसमध्ये मॅन रे यांनी १९२३ मध्ये फिल्मवर मीठ, मिरपूड, टाचण्या आणि खिळे पसरून वरून प्रकाश टाकला. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले लेन लाय यांनी १९३५ मध्ये फिल्मवर थेट रंगकाम करून चित्रपट केला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आणि कॅनडात काम केलेले नॉर्मन मॅक्लॅरेन यांनी फिल्मवर रंगवून आणि कोरून अनेक लघुपट सिद्ध केले. हे मॅक्लॅरेन १९५० नंतरच्या काळात युनेस्कोच्या शैक्षणिक कामासाठी भारतात येऊन गेले होते आणि त्यांच्या १९५७ च्या ‘अ चेअरी टेल’ या लघुपटाला पंडित रविशंकर आणि तबलावादक चतुरलाल यांची साथ लाभली होती.

आपल्या दादासाहेब फाळके यांचेही स्मरण येथे होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांनी पहिला मोठा चित्रपट काढण्यापूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करून टिपली होती आणि तो लहानसा चित्रपट दाखवूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास मिळवला होता. चित्रपटांच्या अतिध्यासाने त्यांची दृष्टी काही काळ गेली होती, हेही सर्वश्रुत आहे. फाळक्यांनी कॅमेरा वापरला आणि ब्रॅकेज यांनी तो दूर ठेवला. परंतु एका रोपट्याकडे किंवा पंखाकडे चौकटीमागून चौकट पाहत राहण्याची चिकाटी दोघांची एकच आहे.

चोरीस गेलेला कॅमेरा

१९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले असता त्यांची सोळा मिलिमीटरची सारी यंत्रसामग्री चोरीस गेली. पुन्हा तशी घेण्याची ऐपत नव्हती. हाती जे पैसे होते त्यांत आठ मिलिमीटरचा कॅमेरा येत होता. हा कॅमेरा त्या काळी हौशी लोक घरातील वाढदिवस आणि सहली टिपण्यासाठी वापरीत. ब्रॅकेज यांनी तोच घेतला आणि पुढील पाच वर्षांत ‘साँग्ज’ ही तीस भागांची मालिका त्यावर पूर्ण केली. मुले, घर, झाडे, प्रवास असे साधे विषय त्यात आहेत. आणि व्हिएतनामच्या युद्धाच्या बातम्या दूरचित्रवाणीवरून घरात शिरू लागल्या तेव्हा त्या अस्वस्थतेतून झालेला एक दीर्घ भागही त्यात आहे.

या काळात आणि पुढेही हे कुटुंब रॉलिन्सव्हिलजवळ, रॉकी पर्वतात सुमारे नऊ हजार फूट उंचीवर, लाकडी घरात राहत असे. १९६९ पासून ब्रॅकेज शिकागोच्या कलामहाविद्यालयात शिकवू लागले. डोंगरातून शिकागोपर्यंत हजार मैलांच्या आसपासचा प्रवास ते वर्षानुवर्षे करीत राहिले. १९८१ मध्ये जवळच्या बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात त्यांना जागा मिळाली आणि ही दगदग संपली.

या साऱ्याची किंमत कुणी दिली, हे चरित्रात न सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पाच मुलांचा सांभाळ, डोंगरातील कष्टाचे घर आणि सतत कॅमेऱ्यासमोर असलेले खासगी आयुष्य, यांचा भार जेन यांनी उचलला. पती आपल्या कलेत बुडालेला असताना चूल पेटती ठेवणे कुणाच्या वाट्याला येते, हे आपल्याकडील कलावंतांच्या घरांतूनही दिसून आले आहे. १९८० नंतरच्या दशकात हा विवाह संपला. जेन यांनी पुढे जेन वोडेनिंग या नावाने स्वतःचे लेखन केले आणि निसर्गाच्या सूक्ष्म निरीक्षणासाठी त्या वाचकांत ओळखल्या गेल्या. ब्रॅकेज यांचे पुढे मॅरिलिन जुल यांच्याशी लग्न झाले आणि त्यांना दोन मुलगे झाले. दुसऱ्या लग्नानंतर त्यांनी घरच्यांचे चित्रण जवळपास थांबवले.

डोंगराची बाग आणि रंगांचे दिवस

‘मॉथलाइट’नंतर अठरा वर्षांनी, १९८१ मध्ये, ब्रॅकेज पुन्हा झाडांकडे वळले. या वेळी त्यांनी पतंग घेतले नाहीत. उंच डोंगरात उगवणारी फुले, पाने, गवत आणि मुळे त्यांनी पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबली आणि अडीच मिनिटांचा ‘द गार्डन ऑफ अर्दली डिलाइट्स’ हा चित्रपट केला. नाव पंधराव्या-सोळाव्या शतकातील चित्रकार हिएरोनिमस बॉश यांच्या प्रसिद्ध चित्रावरून घेतलेले आहे. पतंगांचा चित्रपट हलका आणि उजळ आहे. हा त्या मानाने गडद आहे. थंडी, वारा आणि थोडके दिवस टिकणारा उन्हाळा यांत उंचावरची झाडे कशी तग धरतात, त्याची जाणीव त्यातील दाट हिरव्या-काळ्या रंगांतून होते.

त्यानंतर ते अधिकाधिक वेळ फिल्मवर थेट रंगकाम करू लागले. डान्टे यांच्या महाकाव्याच्या दीर्घ वाचनातून ‘द डान्टे क्वार्टेट’ हा चित्रपट त्यांनी १९८७ मध्ये पूर्ण केला. सहा-आठ मिनिटांच्या या कामासाठी रंगवण्यात सहा वर्षे गेली. विद्यापीठात शिकवण्याची वेळ सोडून ते उपाहारगृहाच्या टेबलावर फिल्मची पट्टी, लहान कुंचले आणि रंगाच्या बाटल्या मांडून बसलेले अनेकांनी पाहिले आहेत. पुढे एकदा रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या बर्फावरून पाय घसरून डोक्याला मार बसला आणि डोळ्याची शस्त्रक्रिया करावी लागली. त्या काळातील दिसण्या-न दिसण्यावर त्यांनी १९९४ मध्ये ‘ब्लॅक आइस’ हा चित्रपट रंगवला. शरीरावर आलेले संकट त्यांनी असेच नेहमी कामाच्या टेबलावर आणून ठेवले.

शिक्षक म्हणून ते विद्यार्थ्यांत प्रिय होते. स्वतः अवघड चित्रपट करणारा हा माणूस साधे, लोकप्रिय चित्रपटही आवडीने पाहत असे आणि विद्यार्थ्यांशी त्यांविषयी मनमोकळे बोलत असे. ‘साउथ पार्क’ ही विनोदी मालिका काढणारे ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन हे त्यांच्या विद्यापीठातील विद्यार्थी. गुरूचे आणि शिष्यांचे काम इतके भिन्न असूनही गुरूने शिष्यांना आपल्या साच्यात बसवले नाही, ही चांगल्या शिक्षकाची खूण म्हटली पाहिजे. १९९२ मध्ये ‘डॉग स्टार मॅन’ला अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत स्थान मिळाले, तेव्हा राष्ट्राने जपून ठेवण्याजोग्या चित्रपटांत त्याची अधिकृत गणना झाली.

अखेर

१९९६ मध्ये त्यांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. फिल्मवर रंगकाम करताना त्यांनी वर्षानुवर्षे डांबरापासून काढलेले रासायनिक रंग हाताळले होते. पट्ट्या बोटांनी उचलल्या होत्या, रंग कातडीवर लागलेला होता. आजाराचे मूळ त्यातच असावे, असे त्यांना स्वतःला वाटत होते. ज्या दिव्याची पतंगांना ओढ होती त्याविषयी १९६३ मध्ये जे मनात आले होते, ते इतक्या वर्षांनी असे समोर यावे, यावर भाष्य न करणेच बरे. काम मात्र त्यांनी थांबवले नाही.

२००२ मध्ये ते पत्नी व धाकट्या मुलांसह कॅनडातील व्हिक्टोरिया येथे राहावयास गेले. आता अंथरुणावर असताना रंग, कुंचले, टेबल यांपैकी काहीच हाताशी येण्यासारखे नव्हते. तेव्हा त्यांनी काळी फिल्म घेतली, तिच्यावरील थर थुंकीने ओला करून मऊ केला आणि नखाने त्यावर रेषा कोरल्या. ‘चायनीज सिरीज’ या नावाने ओळखले जाणारे हे त्यांचे शेवटचे काम. ९ मार्च २००३ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षानंतर दोन महिन्यांनी, त्यांचे निधन झाले.

आयुष्याच्या आरंभी त्यांच्याकडे कॅमेरा होता. मग पैशाअभावी फिल्म गेली, तर पतंगांचे पंख आले. कॅमेरा चोरीस गेला, तर त्याहून लहान आला. शेवटी रंगही गेले तेव्हा नख आणि थुंकी उरली, आणि तेवढ्यावरही चित्रपट झाला. साधने तुटपुंजी असणे चांगले, असा याचा अर्थ कुणी काढू नये. पैसा असता तर त्यांच्या घरच्यांचे हाल कमी झाले असते आणि निर्धोक रंग मिळते तर कदाचित त्यांचे आयुष्यही वाढले असते. शाळा चालवणाऱ्यांना, विद्यार्थ्यांच्या हाती चांगली साधने देण्यासाठी झटणाऱ्यांना, हा भेद ठाऊक आहे. मात्र साधन येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही, एवढे या चरित्रातून निश्चित दिसते.

पालकांनी एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन पुढील प्रयोग अवश्य करून पाहावा. पिंपळाची जाळी, गळून पडलेल्या पाकळ्या, गवताचे वाळलेले पाते, अंगणात सापडलेले एखादे पीस, असे जे जे पातळ आणि पडीक मिळेल ते पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन पट्ट्यांत दाबावे. झाडावरचे तोडू नये आणि जिवंत किड्याला हात लावू नये. खोलीत अंधार करून विजेरीच्या झोतासमोर ती पट्टी धरावी आणि पट्टी व भिंत यांच्यामध्ये बहिर्गोल भिंग धरून पुढे-मागे सरकवावे. अंतर जुळले की भिंतीवर पानाची मोठी, उलटी प्रतिमा उमटते. मग पट्टी हळूहळू ओढावी. शिरांमागून शिरा, रंगांमागून रंग सरकू लागतील, आणि मूल काही क्षण त्यांची नावे विचारायचे विसरून नुसते पाहत राहील.

आपल्या शाळेच्या जुन्या वह्यांत अशी पाने अजूनही असतील. घरातील माळ्यावरच्या पेटीत एखाद्या माजी विद्यार्थ्याला ती सापडली, तर टाकून देण्यापूर्वी त्याने ती एकदा उजेडासमोर धरून पाहावी.